रन-वॉक की १४० चा काटा? चाळिशीत लांब धावायला लागताना

चाळिशीत लांब पल्ल्याचं धावणं सुरू करायचं ठरलं की सगळीकडून एकच सल्ला येतो: हळू धावा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा. हळू म्हणजे किती हेच नव्या माणसाला उमगत नाही. त्याला हळू वाटणाऱ्या वेगातही दुसऱ्या किलोमीटरला धाप लागते. हा वेग बाहेरून बांधून देणाऱ्या दोन रीती चलनात आहेत.

पहिली रन-वॉक. ठरलेला वेळ धावायचं, ठरलेला वेळ चालायचं, आणि हे पहिल्या मिनिटापासून, दमायच्या आधी. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी १९७४ मध्ये नवशिक्यांना शिकवताना ही रीत बसवली. दुसरी रीत अमेरिकी प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांची: १८० मधून वय वजा करा आणि हृदयाचे मिनिटाचे ठोके त्या आकड्याच्या वर जाऊ न देता धावा. चाळिशीला आकडा येतो १४०.

दोन्ही वापरून झाल्या आहेत, त्या भरवशावर लिहितो आहे. रक्तदाब, साखर किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार असेल तर आधी डॉक्टर, हे धरून चालतो. अर्धा तास भरभर चाललं तर काही दुखत नाही, हेही.

ब्रेक हृदयाला की पायांना

चाळिशीत शरीराचे सगळे भाग एका चालीने तयार होत नाहीत. दमसास सहा-आठ आठवड्यांत जाणवण्याइतका सुधारतो, स्नायूही त्याच्या जोडीने येतात. मागे राहतात कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारे पट्टे, विशेषतः टाचेमागची आणि गुडघ्याच्या वाटीखालची. त्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून त्यांची मजबुती महिन्यांच्या हिशेबाने वाढते. त्यामुळे धोक्याचा काळ पहिला आठवडा नसून दुसरा-तिसरा महिना असतो. दम पुरू लागलेला असतो, उत्साह उतू जात असतो आणि टाचेमागची कंडरा अजून तयारीतच असते. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली दहा-वीस पावलं लंगडत टाकावी लागली, तर ती वेळ आली असं समजावं.

दोन रीतींमधला खरा फरक इथे आहे. ठोक्यांची मर्यादा ब्रेक लावते तो हृदयाला. हृदय सुधारलं की त्याच १४० मध्ये तुम्ही जास्त वेगाने, जास्त वेळ धावू शकता, म्हणजे पायांना सांभाळायची गरज असते नेमका तेव्हाच हा ब्रेक सैल होतो. रन-वॉकचा ब्रेक पायांना असतो आणि तो आपणहून सैल होत नाही. तो सैल करायचा तर तुम्हाला मुद्दाम घड्याळातले आकडे बदलावे लागतात. चाळिशीत धावणं बंद पडतं ते बहुधा पोटरीमुळे किंवा टाचेमुळे, दमामुळे क्वचितच, असं माझं निरीक्षण आहे. तुमचं वेगळं असू शकेल.

ठोक्यांच्या रीतीचं देणं

तरी या रीतीला हलकं लेखू नये. मार्क ॲलन हे तिचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. हवाईच्या आयर्नमॅन शर्यतीत (पोहणं, सायकल आणि शेवटी पूर्ण मॅरेथॉन, सलग) आधीच्या सगळ्या प्रयत्नांत विजय हुकलेला हा खेळाडू मॅफेटोन यांच्या हाताखाली संथ सराव करून १९८९ मध्ये जिंकला, पुढची चार वर्षं ओळीने जिंकला आणि १९९५ मध्ये सदतिसाव्या वर्षी सहाव्यांदा जिंकला. फक्त तो आधीपासून पट्टीचा खेळाडू होता, हे विसरून चालत नाही.

या रीतीची सगळ्यात चांगली गोष्ट तिची मासिक चाचणी. पंधरा मिनिटं वॉर्म-अप, मग सपाट आणि दरवेळी त्याच वाटेवर ५ किलोमीटर, ठोके आकड्यावर टेकवून. प्रत्येक किलोमीटरचा वेळ लिहून ठेवायचा. पहिल्यापेक्षा पाचवा हळू येणारच. पुढच्या महिन्यात त्याच ठोक्यांना पहिला किलोमीटर लवकर संपला, तर मेहनत सत्कारणी लागते आहे. रन-वॉककडे असा आरसा नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे.

आकड्यात मात्र बारकावे आहेत. सराव नवा किंवा तुटक असेल तर १८० च्या हिशेबातून आणखी ५ वजा करायचे. मोठ्या आजारातून उठला असाल किंवा रोजची औषधं चालू असतील तर १०. म्हणजे चाळिशीतल्या नवशिक्याचा आकडा १३५ धरावा. शिवाय ही वरची कड. धावायचं तिच्या खालच्या १० ठोक्यांत. आता कमाल हृदयगतीची दोन सूत्रं पाहा. २२० उणे वय हे जुनं, २०८ उणे वयाचे सात-दशांश हे नवं. चाळिशीला दोन्हींचं उत्तर नेमकं १८० येतं. दोघांचं एकमत झालं म्हणून हायसं वाटतं, पण ही सरासरी आहे आणि माणसामाणसांत १०-१२ ठोक्यांचा फरक सर्रास असतो, कधी त्याहून जास्त. ज्याची खरी कमाल गती १९५, त्याला १३५ म्हणजे जेमतेम ६९ टक्के, फेरफटकाच. ज्याची १६५, त्याला तेच १३५ जवळपास ८२ टक्के, म्हणजे चांगलंच कष्टाचं. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल, तर ठोके मुळातच दाबलेले असतात. मग हा आकडा सोडूनच द्यावा.

निकाल लावणारी कटकट

आता माझ्यापुरता निकाल ज्याने लागला ते. नव्या माणसाला १३५ वर धावताच येत नाही. सपाट रस्त्यावर अगदी सावकाश निघालं तरी दोन मिनिटांत ठोके १५० ला भिडतात. घड्याळ ओरडतं. तो चालू लागतो. ठोके १२५ पर्यंत उतरायला सुरुवातीला मिनिटभर पुरतं, अर्ध्या-पाऊण तासानंतर दोन-अडीच मिनिटं जातात. परत धावायला लागलं की आता एका मिनिटातच घड्याळ ओरडतं. पाऊण तासात हे पंधरा वेळा होतं. हे रन-वॉकच झालं की! फक्त त्याला वेळापत्रक नाही, आणि दरवेळी चालणं शिक्षा म्हणून येतं. शहाणपणाने घेतलेली विश्रांती आणि पकडले गेल्यावर घेतलेली विश्रांती पायांना सारखीच असेल, मनाला नसते. तिसऱ्या आठवड्यात घड्याळ घरी ठेवून निघणारे असतात ते याच कंटाळ्याने.

त्यात यंत्राच्या खोड्या. श्रम वाढल्यावर हृदय त्या पातळीला यायला अर्धा मिनिट किंवा जास्त घेतं आणि मनगटाचं घड्याळ त्यावर आणखी काही सेकंद लावतं, म्हणून गजर नेहमी झाल्या गोष्टीचा असतो. दुसरी खोडी जास्त फसवी. मनगटावरचा प्रकाशाचा सेन्सर कधीकधी ठोके सोडून पावलंच मोजू लागतो. आकडा १६५-१७० च्या आसपास चिकटून बसला, चढावरही हलला नाही, तर हाच प्रकार. थांबून मानेवरची नाडी १५ सेकंद मोजायची आणि चारने गुणायचं. खरा आकडा कळतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर आणि घट्ट बांधलं तर हे कमी होतं. खात्री हवी तर छातीचा पट्टाच लागतो. तोही कोरडा बांधला तर पहिली पाच-दहा मिनिटं वाटेल ते आकडे दाखवतो, म्हणून आतली बाजू पाण्याने ओली करून बांधावा आणि धावून आल्यावर घामाचं मीठ धुऊन टाकावं.

उकाड्यात अजून एक भर पडते. वेग तोच ठेवला तरी घाम जाऊन, अंग तापून ठोके तासाभरात १०-१५ ने चढतात. मर्यादा पाळायची तर वेग इतका उतरवावा लागतो की धावण्याचं फरफटणं होतं: पावलं मिनिटाला दीडशेच्या खाली, पाय जमिनीवर जास्त वेळ, टाच शरीराच्या पुढे आपटते, आणि गुडघा-नडगी कुरकुरतात. इलाज आहे. पावलं आखूड ठेवून त्यांची संख्या १६५ च्या आसपास राखायची, वेग कितीही कमी असो. पण दम, ठोके, पावलं असं तिन्हीकडे लक्ष ठेवणं नव्या माणसाला झेपत नाही.

रन-वॉक करायचं तर

आधी आणि शेवटी पाच-पाच मिनिटं चालणं. मधली तीस मिनिटं ३० सेकंद धाव, ६० सेकंद चाल. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. तिसरा दिवस थोडा लांब. शेवटची दहा मिनिटं पहिल्या दहा मिनिटांसारखीच वाटू लागली की ३०/३०, मग ६०/६०, मग ६०/३०. प्रत्येक पायरीवर किमान दोन आठवडे. पुढे ज्याला हवं त्याने ४ मिनिटं धाव, १ मिनिट चाल इथवर जावं. ६०/३० वरच पूर्ण मॅरेथॉन काढणारेही आहेत. ज्या आठवड्यात प्रमाण बदललं त्या आठवड्यात अंतर वाढवायचं नाही. लांब धाव एक आठवडा सोडून दीड-दोन किलोमीटरने वाढवावी, मधल्या आठवड्यात ती एक-तृतीयांशाने कमी ठेवावी.

चालल्याने वेळ किती जातो, याची भीती वाटते तितका जात नाही. किलोमीटरला ७ मिनिटांच्या वेगाने ४ मिनिटं धावलं तर ५७१ मीटर होतात, १० मिनिटांच्या वेगाने १ मिनिट चाललं तर १००. पाच मिनिटांत ६७१ मीटर, म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं २७ सेकंद. अर्धी मॅरेथॉन साधारण २ तास ३७ मिनिटांत. न थांबता ७ च्या वेगाने ती २ तास २८ मिनिटांत होईल खरी. पण शेवटच्या ५ किलोमीटरना पाय भरून आले आणि वेग ९ वर घसरला, की तीच २ तास ३८ वर जाते. पहिल्या वर्षी पाय भरून येतातच, म्हणून मी हा हिशेब असाच मांडतो.

चुका ठरलेल्या आहेत. "अजून दम आहे" म्हणून पहिली दहा मिनिटं न चालता काढणं, ही पहिली. तेवढ्याने रीतीतला अर्धा फायदा गेला. धावण्याचा तुकडा छोटा म्हणून तो जोरात मारणं, ही सगळ्यात महागात पडणारी. तुकडा संपताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. चालताना लांब ढांगा टाकल्या तर नडगीची पुढची बाजू दुखते. पाऊल आखूडच हवं. आणि लांब धावेच्या उत्तरार्धात चालण्याचा तुकडा वाढवत नेला तर पोटऱ्या आखडतात, पुन्हा पळायला पाय उठत नाहीत. तेव्हा दोन्ही तुकडे छोटे करावेत, २०/२० सुद्धा चालेल. टाचा उचलण्याचा व्यायाम, एकदा गुडघा सरळ ठेवून आणि एकदा किंचित वाकवून, १२ ते १५ चे तीन संच, आठवड्यातून दोनदा. हा दोन्ही रीतींना लागतो.

रन-वॉकचा त्रास नाही असं नाही. ३०/३० मध्ये घड्याळ तासाला १२० वेळा बोलतं. आवाज बंद करून फक्त थरथर ठेवावी. शर्यतीत मागून येणारा अंगावर आदळू शकतो, म्हणून चालण्याआधी कडेला सरकायचं आणि हात वर करायचा. शेजारून जाणारे "थांबू नका, चला" म्हणतात, त्याची सवय करून घ्यावी लागते. पण गजर कधी होणार हे आधी ठाऊक असतं, आणि तो झाल्यावर काही चुकलं असं वाटत नाही. माझ्यासाठी पारडं तिथे झुकलं.

तुम्ही वर्षानुवर्षं सायकल चालवत किंवा पोहत आला असाल, आणि १३५-१४० वर वीस मिनिटं सलग धावता येत असेल, तर वरची कटकट तुमच्या वाट्याला येणारच नाही. ठोक्यांची रीत बेलाशक घ्या. ज्यांना वेगाला आवर घालताच येत नाही त्यांनाही घड्याळाने ओरडणं मानवू शकतं. बाकीच्यांनी रन-वॉकने सुरुवात करावी आणि छातीचा पट्टा गजर बंद करून बांधावा. धावताना आकड्याकडे बघायचं नाही. घरी आल्यावर प्रत्येक चालण्याच्या तुकड्याच्या शेवटी ठोके किती होते ते पाहायचं. दुसऱ्या तुकड्याअखेर ११८ आणि विसाव्या तुकड्याअखेर १२२ असतील तर प्रमाण बरोबर आहे. विसाव्या तुकड्याअखेर १३२ दिसले आणि हवा गरम नव्हती, तर पुढच्या वेळी धावण्याच्या तुकड्यातले दहा सेकंद काढून चालण्यात घालावेत.