यूएसबी उपकरणाला ड्रायव्हर लिहायचा, बसवायचा की टाळायचा?

कोल्हापूरजवळच्या हुपरीतल्या चांदीच्या कारखान्यात काट्यावरचं वजन थेट बिलात यायला हवं असतं. शिरोलीच्या फाउंड्रीत भट्टीचं तापमान दर सेकंदाला नोंदवायचं असतं. गोकुळ शिरगावच्या एखाद्या टेस्ट बेंचवर मोटारीची कंपनं मोजायची असतात. तिन्ही ठिकाणी टेबलावर साधा डेस्कटॉप असतो, त्यात बहुधा विंडोज आणि उपकरणातून आलेली एक यूएसबी केबल. ही केबल लावल्यावर संगणकाने उपकरण कशाच्या जोरावर, म्हणजे कुठल्या ड्रायव्हरने (उपकरणाशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमने) ओळखायचं, हे उपकरणाचा सर्किट बोर्ड काढायच्या आधीच ठरवावं लागतं. बोर्ड छापून आल्यावर ड्रायव्हरचा विचार सुरू झाला की निम्मे पर्याय हातातून गेलेले असतात.

पर्याय पाच आहेत. तयार यूएसबी-सिरियल चिप, मायक्रोकंट्रोलरनेच (उपकरणातल्या छोट्या संगणक-चिपने) दिलेला सीडीसी पोर्ट (सिरियल पोर्टासारखा दिसणारा यूएसबी वर्ग), एचआयडी (माउस-कीबोर्डचा वर्ग), विनयूएसबी (मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण ड्रायव्हर) आणि स्वतःचा कर्नल ड्रायव्हर (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालणारा). शेवटचा पर्याय सर्वांत भारदस्त वाटतो आणि बहुतेकांना त्याची अजिबात गरज नसते.

सिरियल चिप: काट्यासाठी पुरेशी, पण कॉम नंबर सांभाळा

बाजारातल्या बहुतेक वजनकाट्यांना मागे नऊ पिनांचा आरएस-२३२ (जुन्या सिरियल जोडणीचा) पोर्ट असतो. ९६०० बॉड या वेगाला सेकंदाला सुमारे ९६० अक्षरं जातात, म्हणजे सोळा अक्षरांची वजनाची ओळ जायला १७ मिलिसेकंद. वेगाचा प्रश्नच नाही. इथे यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावला की काम होतं, पण कन्व्हर्टर आरएस-२३२ पातळीचा हवा. आर्डुइनोसाठी मिळणारं टीटीएल (कमी व्होल्टेजचं) मॉड्यूल थेट काट्याला जोडलं तर एकतर कचरा अक्षरं येतात किंवा मॉड्यूल जळतं. आरएस-२३२ वर उणे व्होल्टेजही असतं, ते टीटीएलला सोसत नाही. मध्ये मॅक्स२३२ जातीची चिप लागते. पातळी बरोबर असूनही काहीच येत नसेल तर पिन २ आणि ३ अदलाबदल करून पाहा. पिन ५ ग्राउंड आहे, ती सरळच राहते.

चिपमध्ये निवड प्रामुख्याने सीएच३४०, सीपी२१०२, पीएल२३०३ आणि एफटीडीआयची एफटी२३२ यांच्यातली. लिनक्सच्या कर्नलमध्ये चारही ड्रायव्हर आधीपासून आहेत. विंडोज १० आणि ११ मध्ये इंटरनेट असेल तर ड्रायव्हर साधारणपणे विंडोज अपडेटवरून आपोआप उतरतो. कारखान्याच्या मागच्या खोलीत नेट नसतं, आणि तिथे डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या उद्गारचिन्हासह कोड २८ दिसतो. त्याचा अर्थ एवढाच की ड्रायव्हर बसलेलाच नाही. अशा वेळी ‘ड्रायव्हर शोधून देतो’ म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नयेत. प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी उघडा. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) १ए८६ आणि पीआयडी (उपकरणाचा क्रमांक) ७५२३ दिसलं तर ती सीएच३४०. ०४०३ आणि ६००१ दिसलं तर एफटीडीआय. मग चिप बनवणाऱ्याच्याच साइटवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणा.

सीएच३४० स्वस्त आहे, एफटीडीआय कितीतरी महाग. हा फरक कुठे वसूल होतो? नेहमीच्या सीएच३४०जी चिपमध्ये सिरियल नंबर नसतो. त्यामुळे तोच कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी सॉकेटमध्ये लावला की विंडोज त्याला नवं उपकरण समजते आणि त्याच्या पोर्टाचा नंबर कॉम३ चा कॉम७ होतो. झाडलोट करताना कुणीतरी केबल काढून शेजारच्या भोकात लावते आणि दुसऱ्या दिवशी ‘काटा बंद पडला’ म्हणून फोन येतो. एफटीडीआयच्या चिपला स्वतःचा सिरियल नंबर असतो, त्यामुळे सॉकेट कुठलंही असलं तरी कॉम नंबर तोच राहतो. जुन्या व्हीबी६ मधल्या बिलिंग सॉफ्टवेअरचं दुखणं आणखी वेगळं: त्यातला पोर्ट उघडणारा एमएसकॉम कंट्रोल कॉम१६ च्या पुढे जातच नाही. वेगवेगळे कन्व्हर्टर लावून लावून नंबर वीसच्या पुढे गेला असेल, तर पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन हाताने खालचा नंबर द्यावा लागतो.

नकली चिपचा धोकाही इथलाच. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटवरून आलेल्या एफटीडीआयच्या ड्रायव्हरने नकली चिपचा पीआयडी शून्य करून टाकला आणि चालती उपकरणं एका रात्रीत अनोळखी झाली. पीएल२३०३ चा नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली चिपवर चालायलाच नकार देतो आणि ‘२०१२ पासून बंद’ असा मजकूर दाखवतो. जुनी ड्रायव्हर आवृत्ती हाताने निवडून काम भागतं, पण पुढच्या अपडेटला तेच पुन्हा होऊ शकतं. नवीन माल घेताना पीएल२३०३ टाळलेलाच बरा.

एफटीडीआयमध्येही एक खोच आहे. लेटन्सी टायमर मुळात १६ मिलिसेकंदांवर असतो. लहान निरोप आला की चिप तो तेवढा वेळ धरून ठेवते, कारण पाकीट भरायची वाट पाहते. प्रश्न-उत्तर पद्धतीने सेकंदाला शंभर वाचनं घ्यायची म्हटली तर साठाच्या आसपासच अडकतात. ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये हा आकडा १ करा, फरक लगेच दिसतो.

सीडीसी: स्वतःचा बोर्ड असेल तर पहिली पसंती

एसटीएम३२ किंवा आरपी२०४० सारख्या मायक्रोकंट्रोलरमध्ये यूएसबी आतच असते. मग वेगळी चिप कशाला? सीडीसी-एसीएम वर्ग जाहीर केला की विंडोज १० पासून पुढे यूएसबीसेर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा ड्रायव्हर आपोआप बसतो, लिनक्सवर टीटीवाय-एसीएम आणि मॅकवर यूएसबी-मोडेम नावाने पोर्ट दिसतो. सिरियल नंबर तुम्हीच डिस्क्रिप्टरमध्ये (उपकरण संगणकाला देतं त्या ओळखपत्रात) घालू शकता, म्हणजे वरची कॉम नंबरची कटकट मुळातच संपते. प्रत्येक नगाला वेगळा नंबर मात्र द्या. एसटीएम३२ मध्ये चिपच्या आतल्या ९६ बिटांच्या युनिक आयडीवरून तो बनवणं सोपं.

विंडोज ७ वर हे आपोआप होत नाही. तिथे आयएनएफ (ड्रायव्हर बसवायच्या सूचनांची) फाइल लागते आणि तिला डिजिटल सही नसेल तर बसवताना इशारा येतो. गिऱ्हाइकांकडे विंडोज ७ ची पुष्कळ यंत्रं असतील, तर सिरियल चिपचा सही केलेला तयार ड्रायव्हर परवडतो.

सीडीसीत नेहमी अडकणाऱ्या जागा तीन. पहिली डीटीआर (‘मी तयार आहे’ असं संगणकाकडून सांगणारी रेषा): बऱ्याच फर्मवेअर (उपकरणातल्या प्रोग्रॅमच्या) लायब्ररी डीटीआर रेषा वर आल्याशिवाय ‘कोणी ऐकतच नाही’ असं धरतात. टर्मिनल प्रोग्रॅम डीटीआर देतो म्हणून तिथे सगळं छान दिसतं, आणि बिलिंग सॉफ्टवेअर तो देत नाही म्हणून तिथे शांतता. दुसरी ६४ ची पट: फुल स्पीड या यूएसबीच्या वेगावर बल्क पद्धतीचं पाकीट ६४ बाइटचं असतं. निरोप नेमका ६४ किंवा १२८ बाइटचा झाला तर शेवटी रिकामं पाकीट पाठवावं लागतं, नाहीतर समोरचा ‘अजून येतंय’ म्हणत थांबून राहतो. महिनाभर चाललेलं उपकरण एका अक्षराने निरोप वाढल्यावर अडकतं ते यामुळे. तिसरी लिनक्सची: मोडेममॅनेजर हा पोर्ट मोडेम समजून त्यावर आज्ञा पाठवतो, आणि उबुंटू २२.०४ मध्ये अंधांसाठीच्या ब्रेल यंत्रांचा बीआरएलटीटीवाय सीएच३४० लाच पकडून बसतो. ब्रेल यंत्र वापरात नसेल तर तो काढून टाकावा. वापरकर्त्याला पोर्टाची परवानगी देणाऱ्या डायलआउट गटात घालायला विसरू नका.

एचआयडी: ड्रायव्हरचा प्रश्नच नाही, पण माप ठरलेलं

माउस आणि कीबोर्ड ज्या वर्गात बसतात तोच हा. विंडोज ७ असो की ११, लिनक्स असो की मॅक, काही बसवावं लागत नाही. फुल स्पीडवर एका एंडपॉइंटला (माहितीच्या एका वाटेला) दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त ६४ बाइट, म्हणजे सेकंदाला ६४,००० बाइट मिळतात. आठ वाहिन्या, प्रत्येकी दोन बाइट आणि सेकंदाला हजार नमुने धरले तर १६,००० बाइट होतात. आरामात बसतं. कंपनं मोजायला चार वाहिन्या, तीन बाइट आणि २५,६०० नमुने म्हटले की ३,०७,२०० बाइट. इथे एचआयडीचा विचार सोडा.

एचआयडीचा एक उपप्रकार दुकानदारांना फार आवडतो: काटा स्वतःला कीबोर्ड म्हणवून घेतो आणि बटण दाबलं की वजन ‘टाइप’ होतं. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चालतं, सॉफ्टवेअरवाल्याला विचारायचीही गरज नाही. पण कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, कळीची जागा पाठवतो. कोल्हापूरच्या सराफ बाजारातल्या, म्हणजे गुजरीतल्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लिहायला इनस्क्रिप्ट चालू ठेवलेलं असेल, तर त्याच कळांतून काय उमटेल ते त्या मांडणीवर ठरतं आणि रकान्यात आकड्याऐवजी भलतंच काही पडू शकतं. कर्सर चुकून दुसऱ्या रकान्यात असेल तर वजन दराच्या जागी जातं. चांदीच्या बिलात ही चूक महाग आहे. त्यामुळे कीबोर्ड-काटा फक्त वेळ निभावण्यापुरता. नीट करायचं तर स्वतःचा व्हेंडर-डिफाइन्ड रिपोर्ट (आपण ठरवलेल्या मांडणीचं पाकीट) ठेवा आणि छोट्या प्रोग्रॅमने वाचा.

तो प्रोग्रॅम लिहिताना पहिल्याच दिवशी अडखळायला होतं. ६४ बाइटचा रिपोर्ट असला तरी विंडोजच्या फाइल फंक्शनना ६५ बाइटचा बफर लागतो. पहिला बाइट रिपोर्ट आयडीचा, आयडी वापरत नसलात तर शून्य. ६४ दिले की लिहिणं नाकारलं जातं आणि माणूस फर्मवेअर तपासत बसतो.

विनयूएसबी: वेग हवा असेल तर

कंपनमापकाची जागा इथे. विनयूएसबी हा मायक्रोसॉफ्टचाच सर्वसाधारण ड्रायव्हर आहे. तो बसला की वरून लिबयूएसबी ही लायब्ररी वापरून पायथन किंवा सी मधून थेट एंडपॉइंटशी बोलता येतं. बल्कने फुल स्पीडवर सेकंदाला एक एमबीच्या आसपास, हाय स्पीडवर त्याच्या कितीतरी पट. एवढा वेग सीडीसीतही मिळतो, मग विनयूएसबी का? कारण इथे कॉम पोर्टच नाही. नंबर नाही, बॉड नाही, दुसरा प्रोग्रॅम चुकून उघडेल ही भीती नाही, आणि आज्ञांसाठी एक व माहितीसाठी दुसरा असे वेगळे एंडपॉइंट ठेवता येतात.

ड्रायव्हर आपोआप बसावा म्हणून उपकरणातच ‘मला विनयूएसबी लाव’ असं विंडोजला सांगणारे मायक्रोसॉफ्ट ओएस २.० डिस्क्रिप्टर ठेवायचे. विंडोज ८.१ पासून ते चालतात. यूएसबी आवृत्तीचा आकडा २.१ लिहा, २.० लिहिलात तर विंडोज बीओएस डिस्क्रिप्टर (ज्यातून हे कळतं तो) मागतच नाही आणि बाकी सगळं बरोबर असून कोड २८ येतो. दुसरी अडचण चक्रावून टाकणारी आहे. विंडोज पहिल्या जोडणीलाच उत्तर रजिस्ट्रीत यूएसबीफ्लॅग्जखाली लिहून ठेवते आणि त्याच व्हीआयडी, पीआयडी व आवृत्तीच्या उपकरणाला पुन्हा विचारत नाही. फर्मवेअर दुरुस्त केलं तरी तुमच्या यंत्रावर जुनंच चालू राहतं, शेजारच्यावर मात्र लगेच चालतं. ती नोंद पुसा किंवा उपकरणाच्या आवृत्तीचा आकडा एकाने वाढवा.

झाडिग नावाचं साधन हेच काम दोन क्लिकमध्ये करतं, पण ते तुमच्या बाकावरच ठेवा. यादीत चुकीची ओळ निवडून कीबोर्डचाच ड्रायव्हर बदलला तर तो परत आणायला दुसरा कीबोर्ड शोधावा लागतो. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, परवानगी लागते: युडेव्हच्या (लिनक्समधल्या उपकरण-सेवेच्या) नियमात व्हीआयडी, पीआयडी लिहून युॲक्सेस टॅग द्या आणि फाइलच्या नावातला क्रमांक ७३ पेक्षा कमी ठेवा.

स्वतःचा कर्नल ड्रायव्हर

थोडक्यात सांगायचं तर: नको. उपकरणाला कुठल्याच तयार वर्गात जागा नसेल आणि त्याने विंडोजमध्ये नव्या जातीचं हार्डवेअर म्हणूनच दिसणं भाग असेल, तरच. २०१६ च्या विंडोज १० आवृत्ती १६०७ पासून, सिक्युअर बूट (सही तपासूनच सुरू होण्याची सोय) चालू असलेल्या नव्या यंत्रावर मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवरून सही झालेलाच नवा कर्नल ड्रायव्हर चढतो. त्या पोर्टलवर खातं उघडायला ईव्ही (कसून तपासणी करून दिलेलं) प्रमाणपत्र लागतं, आणि जून २०२३ पासून कोड सायनिंगची खाजगी किल्ली हार्डवेअर टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. सही नसेल तर कोड ५२. सिक्युअर बूट बंद करून आणि टेस्ट सायनिंग मोड चालू करून आपल्या टेबलावर चालवता येतं, पण गिऱ्हाइकाच्या यंत्रावर तसं करून देऊ नये. शिवाय एक चुकीचा पॉइंटर म्हणजे निळा पडदा, तोही बिल करताना.

लिनक्सवर शिकायचं असेल तर कर्नलच्या सोर्समधली यूएसबी-स्केलेटन फाइल वाचावी. उपकरण लागल्यावरचं प्रोब, काढल्यावरचं डिसकनेक्ट, माहितीची मागणी करणारा यूआरबी सगळं तिच्यात आहे. उत्पादनासाठी तिथेही लिबयूएसबीच बरं, कारण प्रत्येक कर्नल अपडेटला मॉड्यूल पुन्हा बांधावं लागतं.

व्हीआयडी आणि भट्टीचा त्रास

सीडीसी, एचआयडी, विनयूएसबी तिन्हींत स्वतःचा व्हीआयडी-पीआयडी लागतो. यूएसबीचे नियम ठरवणाऱ्या यूएसबी-आयएफ संस्थेकडून व्हीआयडी घ्यायला सहा हजार डॉलर पडतात. शे-दोनशे नगांसाठी ते परवडत नाही, म्हणून चिप कंपनीकडून पीआयडी मागून घ्यावा. रचना ओपन सोर्स असेल तर १२०९ या व्हीआयडीखाली पीआयडी फुकट मिळतो. दुसऱ्याचे आकडे उचलले की कधीतरी विंडोज त्या दुसऱ्याचाच ड्रायव्हर तुमच्या उपकरणावर बसवते.

फाउंड्रीत मात्र वरचं सगळं बरोबर करूनही उपकरण तुटतं. इंडक्शन भट्टीच्या गोंगाटाने यूएसबीची जोडणी क्षणभर जाते, उपकरण पुन्हा ओळखलं जातं, पण प्रोग्रॅमने धरलेला जुना पोर्ट मेलेला असतो. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ किंवा कोड ४३ दिसला तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. केबल, ग्राउंड आणि क्रिस्टल बघा. भट्टीपासून संगणकापर्यंत आरएस-४८५ (गोंगाट सोसणारी सिरियल तार) न्या, यूएसबी फक्त टेबलावरच्या शेवटच्या हातभर अंतरात ठेवा. यूएसबीच न्यायची झाली तर पाच मीटरच्या आत आणि मध्ये एडीयूएम४१६० सारखा आयसोलेटर (दोन्ही बाजूंचा विजेचा संबंध तोडणारी चिप). तो फुल स्पीडपर्यंतच चालतो, म्हणजे कंपनमापकाचं हाय स्पीड तिथे गेलं. प्रोग्रॅममध्ये पोर्ट बंद करून दर दोन सेकंदांनी पुन्हा उघडायचा प्रयत्न करणारा भाग कुठलाही पर्याय घेतला तरी लिहावाच लागतो.

नग बाहेर पाठवण्याआधी नुकतीच विंडोज टाकलेलं यंत्र घ्या, नेट काढा, ॲडमिन नसलेलं खातं उघडा. तीन वेगवेगळ्या सॉकेटमध्ये लावून पाहा, यंत्र झोपवून उठवा, आणि वाचन चालू असताना केबल उपटून परत लावा.