जुन्या वाड्यासाठी ४ किलोचा एबीसी फायर सिलेंडर: घ्यावा का?

२० मार्च १७६० च्या मध्यरात्रीनंतर अमेरिकेतल्या बॉस्टनच्या कॉर्नहिल भागात आग लागली. वायव्येच्या वाऱ्यानं ती बंदरापर्यंत नेली. ३४९ इमारती गेल्या. त्यावर छापलेल्या एकपानी कवितेनं हा देवाचा कोप मानला. पण तिथल्या फायर सोसायट्यांचे, म्हणजे आगीत एकमेकांच्या मदतीला धावणाऱ्या मंडळांचे, सभासद घरात चामड्याच्या दोन बादल्या आणि सामान काढायला पिशव्या तयार ठेवत. बंब येईपर्यंत हाताशी काय आहे, हाच प्रश्न नाशिकच्या सराफ बाजार, भद्रकालीतल्या सागवानी वाड्यांना आजही आहे. बोळ अरुंद, भिंतीला भिंत लागलेली.

आमचं मत: घ्या, आणि ४ किलोचाच घ्या. १ किलोचा काही सेकंदांत संपतो. ६ किलोचा घरातल्या वयस्कर माणसाला उचलवत नाही. एबीसी म्हणजे कोरड्या पावडरचा: लाकूड, कापड, पेट्रोल, मीटरबोर्ड, सगळ्यावर हा चालतो. मेन स्विच बंद करता आला तर आधी करा. कढईतल्या पेटलेल्या तेलावर मात्र मारू नका, झोतानं तेल उडतं. गॅस बंद करून घट्ट झाकण ठेवा.

पिन ओढा, दोन-तीन मीटरवरून नोझल ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबून डावी-उजवीकडे फिरवा. हातात दहा-बारा सेकंदच असतात. पाठ कायम दाराकडे.

बिघाड बहुतेक देखभालीतच होतो. पावडर बुडाशी दडपून बसते आणि ऐनवेळी नुसता गॅस निघतो, म्हणून महिन्यातून एकदा सिलेंडर उलटा करून हलवा. प्रेशर दाखवणारा काटा हिरव्या पट्ट्यात हवा. एकदा जरी दाबला तरी व्हॉल्व्हच्या सीलवर पावडरचे कण अडकतात आणि प्रेशर हळूहळू उतरतं. तो लगेच रिफिलला द्या. रिफिलच्या नावाखाली नुसता नवा स्टिकर चिकटवणारेही आहेत, तेव्हा रिकाम्याचं आणि भरलेल्याचं वजन समोर करून घ्या. घेताना आयएसआय मार्क आणि आयएस १५६८३ हा मानक क्रमांक पाहा.

एक उणीव खरी: पावडर बारीक आणि गंज आणणारी. सोनाराच्या तराजूवर, कॉम्प्युटरवर बसली की साफ करणं जिकिरीचं. तिथं जोडीला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचा सिलेंडर ठेवा.

टांगायचा तो देवडीत, दाराजवळ, माजघरात नाही. आणि पिन ओढण्याआधी कुणाला तरी १०१ लावायला सांगून बोळाच्या तोंडाशी उभं करा, बंबवाल्यांना वाडा दाखवायला.