आठ महिने डिफेंडरवर: 40 मशीनच्या लॅबचा अनुभव

विद्यापीठातल्या एका विभागाची कॉम्प्युटर लॅब मी सांभाळतो. 40 मशीन. आधी विकतचा अँटिव्हायरस होता, नाव घेत नाही. लायसन संपलं, नूतनीकरणाची फाइल टेबलाटेबलावर फिरत राहिली, म्हणून नाइलाजाने विंडोजमधल्याच डिफेंडरवर आलो.

पहिली परीक्षा सबमिशनच्या आठवड्यात झाली. जर्नलच्या प्रिंट काढायला पोरं झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि पेन ड्राइव्हमध्ये शॉर्टकट व्हायरस घेऊन येतात. खरे फोल्डर लपवलेले, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, त्यामुळे शंका येत नाही, पण तेवढ्यात मागे स्क्रिप्ट चालून गेलेली असते. माझ्यासमोर आलेले असे पेन ड्राइव्ह डिफेंडरने पकडले. लपलेले फोल्डर परत दिसायला मात्र अजूनही ॲट्रिब ही (फाइलचा ‘लपलेली’ हा शिक्का काढणारी) कमांड मारावी लागते.

सी प्रोग्रॅमिंगच्या बॅचला वेगळीच गंमत. नुकतीच कम्पाइल केलेली, कुणाची डिजिटल सही नसलेली ईएक्सई (थेट चालणारी प्रोग्रॅम फाइल) दिसली की कुठलाही अँटिव्हायरस बिचकू शकतो. ‘सर, माझा प्रोग्रॅम गायब!’ हे इतक्यांदा ऐकलं की एकदा वैतागून मी तीन मशीनवर अख्खा डी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळला आणि चक्क विसरलो. उघडकीला आलं ते अँटिव्हायरस तपासायच्या आयकार फाइलमुळे. 68 अक्षरांची ही निरुपद्रवी ओळ फाइलमध्ये सेव्ह केली की अँटिव्हायरसने ओरडायलाच हवं. डी ड्राइव्हवर टाकली तर 37 मशीन ओरडली, तीन गप्प. आता प्रोग्रॅमसाठी एकच फोल्डर वगळलाय.

खरा घोळ मात्र अपडेटचा निघाला. आमच्याकडे रिस्टार्ट केल्यावर मशीन पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर आहे. पोरांनी काहीही केलं तरी सकाळी सगळं जसंच्या तसं, म्हणून आम्ही निर्धास्त. पण त्यात रात्रीचे अपडेटही पुसले जायचे! सकाळी प्रत्येक मशीन तीच जुनी व्हायरस डेफिनिशन (व्हायरस ओळखायची माहिती) घेऊन उठायचं, 40 मशीन एकदम डाउनलोडला लागायची आणि पहिल्या बॅचला नेट मिळायचं नाही. दोष आमच्याच सेटिंगचा. दोन वर्षं कुणी पाहिलंच नव्हतं.

मायक्रोसॉफ्टचे मासिक सुरक्षा अपडेट दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. म्हणून त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी लॅब बंद ठेवून त्या पूर्ववत करणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुलूप काढतो, सगळं अपडेट करतो, दोनदा रिस्टार्ट, मग परत कुलूप. डेफिनिशनसाठी रोज रात्री अर्धा तास मोकळा ठेवलाय. विंडोजमधलं डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन चालू केल्यावर मशीन एकमेकांकडूनही अपडेट घेतात, नेटवरचा भार जाणवण्याइतका उतरला.

त्या दुपारी लॅब बंद ठेवायला विभागप्रमुख राजी नव्हते. त्यांना वॉनाक्राय, फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आठवून दिला: विंडोजच्या ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट 14 मार्च 2017 ला आलेलं, हल्ला 12 मे ला. मधले दोन महिने ज्यांनी अपडेट टाळले, ते अडकले. परवानगी मिळाली.

विंडोज 10 चे मोफत अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले. आमची 12 जुनी मशीन विंडोज 11 साठी पात्र नाहीत, त्यासाठी लागणारी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिपच नाही. त्यांच्यावर उबुंटू ही मोफत लिनक्स प्रणाली टाकली, पायथॉनच्या बॅचला चालतंय. उरलेली 28 डिफेंडरवरच ठेवणार.

नूतनीकरणाची फाइल परवा मंजूर होऊन आली. सध्या माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.