लाळेसाठी घरी वापरायचे सक्शन मशीन : आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जाण्याचा आजार) आहे आणि त्यांचे गिळण्याचे स्नायू सर्वांत आधी दुबळे झाले. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि ती नकळत गिळली जाते. अण्णांची लाळ वाढलेली नाही, ती फक्त खाली उतरत नाही. म्हणून छातीवरचा पंचा दर अर्ध्या तासाने बदलावा लागे आणि आडवे झाले की ठसका लागे.

डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही कोल्हापुरातल्याच एका सर्जिकल दुकानातून मशीन भाड्याने आणले. गालाच्या आत आणि जिभेखाली साचलेली पातळ लाळ ते दोन-तीन सेकंदांत ओढून घेते. दुकानदाराने सोबत फक्त मऊ, बारीक नळ्या दिल्या होत्या, त्या गालाला चिकटून बसत. यांकावर नावाचे कडक, वाकडे टोक मागवल्यावर मात्र अण्णा ते स्वतःच्या हाताने तोंडात धरू लागले, आणि मला याचे मोल सर्वांत जास्त वाटते. टोक घशापर्यंत नेऊ नये, उमासा येतो.

घट्ट, तारेसारख्या कफापुढे हे मशीन कमी पडते. ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्यांनी लाळ कमी झाली, पण उरलेली डिंकासारखी झाली. तेव्हा डॉक्टरांनी मात्रा उतरवली, सलाईनची वाफ नेब्युलायझरने द्यायला सांगितली आणि पोटातल्या नळीतून पाणी वाढवले, तेव्हा कुठे ओढ पुन्हा लागू लागली.

मशीनचा आवाज मोठा आहे. ओढलेली लाळ साठणारी बरणी काठोकाठ भरू दिली तर फिल्टर भिजतो आणि ओढ थांबते, म्हणून ती वेळेवर रिकामी करावी आणि प्रत्येक वापरानंतर नळीतून स्वच्छ पाणी ओढून घ्यावे.

माझी खरी तक्रार बॅटरीची आहे. विचारूनही आम्हाला बॅटरी नसलेले मशीन दिले गेले, आणि जुलैच्या पावसात रात्री दोन वाजता वीज गेली तेव्हा अण्णांना कुशीवर वळवून मी दीड तास बोटाला कापड गुंडाळून लाळ टिपत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी बॅटरीवाले मशीन आणले. आपण घेणार असाल तर दुकानातच मशीनची विजेची पिन काढायला लावून ग्लासभर पाणी ओढून पाहावे, आणि त्यानंतरच अनामत रक्कम द्यावी.