नागालँडला जाताना: आधी आसामी शिकावी की थेट नागामीज?

हिंदी-इंग्रजीवर भागतं का, असं कुणी विचारलं तर बहुतेक ठिकाणी भागतं. १९६७ पासून नागालँडची अधिकृत भाषा इंग्रजी आहे, शाळाही इंग्रजीतच. त्यामुळे कोहिमातलं हॉटेल किंवा डिसेंबरातला किसामाचा हॉर्नबिल महोत्सव यांत काही अडत नाही. दिमापूरच्या बाजारात हिंदीही चालते. पण अंगामी, लोथा, आओ, कोन्याक या नागा जमातींच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. शेअर टॅक्सी म्हणून चालणाऱ्या सुमोत शेजारी बसल्यावर ही मंडळी आपसात नागामीज बोलतात. त्या गप्पांत थोडंफार शिरावंसं वाटणाऱ्यांसाठी हा आढावा.

नागामीज आसामीतूनच घडली, म्हणून आधी आसामी पक्की करावी असा सल्ला मिळतो. तो चुकीचा नाही. आसामीची पुस्तकं आहेत, व्यवस्थित व्याकरणं आहेत, गूगलच्या भाषांतरातही ती २०२२ पासून आहे. मोय (मी), घोर (घर), भात, पानी, किमान (किती), कोत (कुठे) हे शब्द दोन्हीकडे उपयोगी पडतात. मीही सुरुवात आसामीनेच केली होती.

माझं मन फिरलं ते क्रियापदांमुळे. आसामीत 'मोय जाम', 'तुमि जाबा', 'तेओं जाबो'. वर तोय, तुमि, आपुनि अशा आदराच्या तीन पायऱ्या. जाईन-जाशील-जाईल म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला मुळीच अवघड नाही. अडचण बोलताना येते. दिमापूरला सुमो भरत आलेली असते, ड्रायव्हर 'कुठे?' म्हणून बघत असतो, आणि आपण धातू आठवूनही प्रत्ययापाशी थांबलेलो असतो. दरवेळी तेच. तोवर तो हिंदीत बोलायला लागतो आणि संभाषण पुन्हा हिंदीतच जातं. नागामीजमध्ये 'मोय जाबो', 'आपुनि जाबो', 'ताय जाबो': माणूस बदलला तरी क्रियापद तेच राहतं. 'कोहिमा जाबो' म्हटलं की झालं. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. व्याकरणाची आवड असलेल्यांना कदाचित हे इतकं खुपणार नाही.

उच्चारांतही थोडा फरक पडतो. आसामीत श-ष-स लिहिलेलं असतं तिथे बऱ्याचदा ख आणि ह यांच्या मधला, घशातला आवाज काढावा लागतो. नागामीजमध्ये साधा 'स' पुरतो. मांस म्हणजे 'मांगसो'. शाकाहारी मंडळींनी 'मोय मांगसो आरू मास नखाय' (मी मांस आणि मासे खात नाही) हे वाक्य पाठच करावं. यातला 'मास' गाळू नये, कारण भाजीतही सुकी मासळी असू शकते. हवं असेल तर 'लागे', नको असेल तर 'नालागे': पानी लागे, चीनी नालागे. मराठी माणसाला 'लागतं' हे असंही ओळखीचंच.

नागामीजची अडचण साहित्याची आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाने १९८५ मध्ये तिचं व्याकरण काढलं, पण ते अभ्यासकांसाठी. लिहिताना बहुतेक जण रोमन लिपी वापरतात आणि एकच शब्द तीन जणांनी तीन प्रकारे लिहिलेला दिसतो. वाचून शिकणाऱ्याला याचा त्रास होणारच. मी वाचणं सोडून ऐकण्यावर भर दिला. आकाशवाणी कोहिमाच्या नागामीज बातम्या कानाला चांगलं वळण लावतात, आणि कोहिमातल्या माओ मार्केटमध्ये भाजी घेताना 'इतु किमान?' (हे कितीला?) विचारलं की विक्रेत्या बायका स्वतःहून पुढची वाक्यं शिकवतात. दुर्गम गावांतल्या काही वृद्धांना मात्र नागामीजही येत नाही. तिथे बरोबर स्थानिक माणूस हवाच.

काझीरंगा, जोरहाट, माजुलीही करायचं असेल, किंवा सोनारीमार्गे नागालँडमधल्या मोनला जाताना आसामात मुक्काम असेल, तर आसामीला दिलेला वेळ वाया जात नाही, उलट जास्त कामी येईल. फक्त दिमापूर, कोहिमा, खोनोमा असा बेत असेल तर मी थेट नागामीजच म्हणेन. कुणाशीही बोलताना 'तुमि'ऐवजी 'आपुनि' वापरावं, वडीलधाऱ्यांशी तर नक्कीच.