कायमस्वरूपी रंग की अर्धस्थायी रंग?

पांढरे केस घरच्या घरी झाकताना निवड मुख्यतः या दोन रंगांमध्ये असते. कायमस्वरूपी रंगातील अमोनिया किंवा तत्सम अल्कली केसाचे बाह्य आवरण फुगवते आणि हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने रंगाचे मोठे रेणू केसाच्या आतच तयार होतात. ते धुण्याने सहज निघत नसल्यामुळे कानशिलांवरचे चिवट पांढरे केसही झाकले जातात. मात्र केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढत असल्याने तीन-चार आठवड्यांत भांगात पांढरी रेघ डोकावू लागते, आणि ती रंगवताना ब्रश मुळांपुरताच ठेवावा लागतो, नाहीतर टोके अधिकाधिक काळवंडत जातात.

अर्धस्थायी रंगात पेरॉक्साइड नसते. तो वरच्या थरांत बसतो आणि काही धुण्यांत फिका पडतो. पांढरा केस त्याने लपत नाही, आजूबाजूच्या केसांत मिसळून जातो, इतकेच. केस थोडेच पिकले असतील तर मला हाच बरा वाटतो, कारण चुकलेली छटा (आणि पहिल्या वेळी ती बहुधा चुकतेच) फार दिवस मिरवावी लागत नाही. निम्म्याहून अधिक केस पांढरे असल्यास मात्र त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

कोणताही रंग घेतला तरी ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूस थोडासा लावून पाहावा. कायमस्वरूपी रंगातील पॅरा-फेनिलिनडायअमाइनची ॲलर्जी तीव्र असू शकते.