डिरेल व्हॅली : इंजिनाला मार कुठे बसतो आणि बिल कशाचं येतं

ट्रेनच्या बहुतेक गेममध्ये एक गोष्ट रेल्वे जवळून पाहिलेल्याला खटकते. धडक झाली किंवा गाडी रुळावरून उतरली की पडद्यावर संदेश येतो आणि खेळ संपतो. ट्रेन सिम्युलेटर क्लासिकमध्ये हेच होतं. ओपन रेल्समध्ये कपलर, म्हणजे डब्यांची जोडणी, तुटण्याचा पर्याय चालू करता येतो, पण मोडतोडीचा हिशोब कुणी मागत नाही. सर्बियातल्या अल्टफ्युचर कंपनीची डिरेल व्हॅली इथेच वेगळी पडते. जानेवारी २०१९ पासून ती स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, आहे. यात झालेलं नुकसान इंजिनाच्या नावावर राहतं आणि ते तुमच्याच कमाईतून भरावं लागतं. लोकोशेड आणि यार्डाच्या गप्पा ऐकत वाढलेल्या सोलापूर, होटगी, कुर्डुवाडीकडच्या पोरांना हा गेम म्हणूनच पटेल.

नुकसानीची खाती वेगवेगळी आहेत. बॉडी, चाकं आणि मेकॅनिकल पॉवरट्रेन (गाडी ओढणारी यंत्रणा) ही तीन, आणि डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांना चौथं इलेक्ट्रिकल पॉवरट्रेन (मोटरची बाजू). बॉडीचं खातं फक्त आदळआपटीने चढतं. नवा खेळाडू समजतो की हे मोठ्या अपघातांचं खातं असणार. खरं तर डीई२ सारख्या छोट्या डिझेल शंटिंग (यार्डात डबे हलवण्याच्या, जोडण्याच्या) इंजिनाची बॉडी यार्डातच खराब होते, डब्याला इंजिन लावताना जरा जोरात भिडवलं की.

म्हणून शंटिंग नीट शिका. डबा एका डब्याच्या अंतरावर आला की स्पीडोमीटर ५ च्या खाली हवा, आणि बफरला बफर लागताना २-३ पुरे. थ्रॉटल आधीच शून्यावर आणा आणि इंजिनाच्या स्वतंत्र ब्रेकवर गाडी सरकवत न्या. आपल्याकडे शंटिंगला सर्वसाधारणपणे ताशी १५ किमीची मर्यादा असते, स्फोटक माल असलेल्या डब्यांना ८. पण ती यार्डात हलवण्याची मर्यादा आहे, भिडवण्याचा वेग नव्हे. गेममध्ये १५ ने भिडवलंत तर इंजिन आणि डबा दोघांनाही दणका बसतो. मागे ढकलत जाताना केबिनमधून टोक दिसत नाही, तेव्हा डीई२ चा रिमोट घ्या आणि टोकापाशी जमिनीवर उभं राहून चालवा. रिमोटवर घातलेले पैसे बॉडीच्या बिलात वाचतात.

भिडवल्यावर साखळी हुकात टाका, स्क्रू आवळा, ब्रेकच्या हवेचा होजपाइप जोडा आणि दोन्ही बाजूंचे कॉक, म्हणजे त्या हवेचे झडप, उघडा. आयसीएफच्या जुन्या डब्यांना असायचं तसंच हे स्क्रू कपलिंग आहे. फताटेवाडीच्या वीज प्रकल्पाला कोळसा घेऊन येणाऱ्या वाघिणींचं सीबीसी, म्हणजे मधोमध बसणारं कपलर, इथे शोधू नका. घात बहुतेक वेळा कॉकनेच होतो. इंजिनाच्या मागचा कॉक बंद राहिला तरी केबिनमधल्या मीटरवर ब्रेकपाइपचे ५ बार भरलेले दिसतात, कारण ते इंजिनापुरतेच भरलेले असतात. मागच्या डब्यांना ब्रेक लागतच नाही. सपाटीवर हे कळत नाही, उताराला लागलात की गाडी आवरत नाही आणि पुढच्या वळणावर रूळ सोडते. निघण्याआधी रेकच्या, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या रांगेच्या, कडेने एकदा चालत जाऊन प्रत्येक कॉक बघा. मोकळे डबे उताराच्या सायडिंगला सोडताना हँडब्रेक आवळा, नाहीतर ते आपसूक घरंगळत येऊन उभ्या इंजिनावर आदळतात.

टँकर घेतलेत तर काळजी दुप्पट. धोकादायक मालाला वेगळी लायसन्स लागतात, आणि दणका जोरात बसला तर गळती किंवा स्फोट होतो. सोलापूरजवळच्या पाकणीच्या तेल डेपोत टँकरचे रेक किती जपून हलवतात हे ज्याला ठाऊक आहे त्याला गेमची ही बाजू सर्वात खरी वाटेल.

चाकांचं खातं चाक जागच्या जागी फिरण्याने चढतं, तेव्हा चढावर आधी वाळू, मग थ्रॉटल. इलेक्ट्रिकलचं कारण बहुधा एकच, जड गाडी कमी वेगात ओढत अँपिअरचा काटा लाल पट्ट्यात ठेवणं. चाकं फिरवणारी मोटर तापून जाते.

दुरुस्ती सर्व्हिस स्टेशनवर होते. इंजिन जागेवर आणून उभं करायचं, एकेक खातं निवडून हवी तेवढीच दुरुस्ती घ्यायची आणि रजिस्टरवर पैसे भरायचे. पैसे कमी असतील तर ज्यामुळे गाडी ओढायची थांबते ते आधी, म्हणजे मोटर आणि इंजिन. बॉडी मागे ठेवली तरी चालतं, पण थकलेलं बिल करिअर मॅनेजर, म्हणजे गेममधलं बिलं आणि लायसन्सचं यंत्र, नव्या कामाच्या आड आणतो. रूळ सोडलेली गाडी कॉम्स रेडिओने, म्हणजे हातात धरायच्या रेडिओने, परत रुळावर ठेवता येते. त्याचे पैसे वेगळे, आणि झालेली मोडतोड त्यात दुरुस्त होत नाही.

खटकणारी गोष्ट एक आहे आणि ती मोठी आहे. मार दिसत नाही. काचा फुटतात, पण पत्रा पिचत नाही, बफर वाकत नाही. बॉडी निम्मी गेलेलं इंजिनही लांबून नव्यासारखंच दिसतं. ज्या गेमचा सगळा हिशोब या मारावर चालतो, त्याने निदान हेडस्टॉकवर, म्हणजे बफर बसवलेल्या आडव्या तुळईवर, ओरखडे तरी दाखवायला हवेत. इंजिनं आणि दरी दोन्ही काल्पनिक आहेत, त्यामुळे आपल्या रेल्वेचं डब्ल्यूडीजी-४ मालगाडी इंजिन किंवा भीमेवरचा पूल हवा असलेल्याने हा गेम घेऊ नये.

पीसीबद्दल एवढंच की चित्र अडखळू लागलं तर आधी ग्राफिक्स उतरवा. अडखळत्या चित्रात ३ किमीने बफर लावणं जमत नाही, आणि नुकसान मात्र पूर्ण मोजलं जातं.